आसुडाची वादी कापायला कोण शिकवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत धारावीच्या चामडे बाजारावर आलेला लेख मी दोनदा वाचला. पिशव्या, पाकिटे, पट्टे आणि जाकिटे यांविषयी लेखात पुष्कळ माहिती आहे आणि ती बरीचशी बरोबर आहे. मात्र शेवटाकडे एका वाक्यात चाबकाचा उल्लेख आला असून, ही क्रौर्याची वस्तू होती आणि ती गेली ते बरेच झाले, असे तिच्याविषयी म्हटले आहे. मुक्या जनावरावर चाबूक ओढणे बंद झाले याचा मलाही आनंद आहे. परंतु चामड्याच्या वाद्या, म्हणजे लांब बारीक पट्ट्या, गुंफून आसूड तयार करण्याचे जे कसब आहे, तेही त्याच वाक्यात मोडीत निघाले, आणि ते मला पटले नाही. हे पत्र त्या कसबासाठी आहे.

माझे वडील बोरीबंदर आणि गिरगाव चौपाटीच्या व्हिक्टोरियावाल्यांचे, म्हणजे घोडागाडीवाल्यांचे, चाबूक दुरुस्त करीत. लांब वेताची काठी आणि तिच्या टोकाला बारीक वादी, असा तो चाबूक असे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये व्हिक्टोरिया बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा वडील हयात नव्हते. असते तर निकाल त्यांनाही मान्य झाला असता, कारण उन्हात डांबरी रस्त्यावर उभ्या असलेल्या घोड्यांची दशा त्यांनी जवळून पाहिली होती. मी स्वतः चाळीस वर्षे धारावीत पिशव्यांच्या कारखान्यात कातडे कापण्याचे काम केले. आसूड हा माझा पोटाचा धंदा कधीच नव्हता. तो माझ्या रविवारचा उद्योग आहे आणि त्याची सुरुवात १५ सप्टेंबर २००० रोजी झाली.

त्या दिवशी सिडनी ऑलिंपिकचे उद्घाटन दूरदर्शनवर दाखवत होते. भल्या मोठ्या रिकाम्या मैदानात एकच घोडेस्वार आला, घोडा दोन पायांवर उभा राहिला, स्वाराने हातातला आसूड हवेत फिरवला आणि त्याचा कडाड् असा आवाज झाला, त्यासरशी आणखी शंभराहून अधिक घोडेस्वार मैदानात शिरले. ऑस्ट्रेलियातले गुराखी शेकडो गुरांचे कळप मैलोगणती हाकत नेत आणि त्यासाठी जो आसूड वापरत, तो हा स्टॉकव्हिप. मला त्यात जे कळले ते एवढेच, की आसूड कोणाच्याही अंगाला लागला नव्हता. कळपाला वळवण्यासाठी तिकडे आवाज वापरतात. आसुडाचे काम हवेत होते. आपल्याकडे गल्लीत येणारा पोतराज कोरडा, म्हणजे त्याचा आसूड, फिरवून जो आवाज काढतो, तोही हवेतच निघतो, आणि लहानपणी तो आवाज ऐकून आम्ही दाराआड लपत असू.

हा आवाज एकमेकांवर काही आपटून होत नाही, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. आसुडाचे टोक आवाजाच्या वेगापेक्षा जास्त वेगाने जाते, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरच्या पुढे, आणि त्यामुळे हवेत जो धक्का उठतो तो आपल्याला कडाड् असा ऐकू येतो. लढाऊ विमान ध्वनीचा वेग ओलांडते तेव्हा होणाऱ्या गडगडाटाची ही छोटी आवृत्ती आहे. २००२ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातील अ‍ॅलेन गोरिएली आणि टायलर मॅकमिलेन या दोघांनी गणिताने दाखवून दिले की आसूड फेकताना त्यात जो वळसा तयार होतो आणि टोकाकडे धावत जातो, त्या वळशाने ध्वनीचा वेग गाठला की आवाज निघतो. टोक तर तेव्हा त्याच्याही दुपटीने पळत असते. माणसाच्या हाताला एवढा वेग येणे शक्य नाही. तो वेग आसुडाच्या निमुळतेपणातून येतो. मुठीजवळ आसूड जाड आणि जड असतो, टोकाकडे तो क्रमाने बारीक आणि हलका होत जातो, आणि हाताने दिलेला जोर पुढे पुढे कमी वजनात उतरत गेल्यामुळे वेग वाढत जातो. मध्येच कुठे जाडी एकदम कमी झाली किंवा कुठे गाठ आली, तर वळसा तिथेच मोडतो.

हे मला पुस्तकातून कळले नाही. माझा पहिला आसूड फसला तेव्हा कळले. कारखान्यात पिशव्यांसाठी क्रोमने, म्हणजे रासायनिक क्षारांनी, कमावलेले गाईचे कातडे येत असे, त्याच्या उरलेल्या तुकड्यांतून मी यंत्रावर एकसारख्या रुंदीच्या आठ पट्ट्या काढल्या, त्या गुंफल्या आणि बायकोला व मुलांना घेऊन सायनच्या किल्ल्याजवळच्या मैदानात गेलो. ओला पंचा झटकावा तसा आवाज आला. वरून वेणी अगदी देखणी दिसत होती. दोष वेणीत नव्हताच, तो वादीत होता आणि आतल्या गाभ्यात होता, आणि मी तर गाभा भरलाच नव्हता.

म्हणून या पत्रात मला जे सांगायचे आहे ते हे, की आसुडाचे खरे काम वेणी घालण्याच्या आधी होते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. मुंबईत आज जिथे कुठे चामड्याच्या गुंफणीचे दोन-तीन दिवसांचे वर्ग होतात, तिथे शिकणाऱ्याच्या हातात यंत्राने कापलेल्या तयार पट्ट्या दिल्या जातात. त्यातून किल्लीचे गोंडे आणि हातातली कडी तयार होतात, पण वादी कापणे कोणी शिकत नाही. वादी कापता न येणाऱ्याला आसूड करता येत नाही, आणि त्याहीपेक्षा मोठे नुकसान म्हणजे त्याला कातडे वाचता येत नाही.

कातडे वाचणे म्हणजे काय, ते थोडे विस्ताराने लिहितो. ऑस्ट्रेलियात उत्तम आसूड कांगारूच्या कातड्याचा होतो. त्या कातड्यातले तंतू पृष्ठभागाला समांतर आणि एकसारखे बसलेले असतात, त्यामुळे ते तासून अतिशय पातळ केले तरी त्याची ताकद टिकते. आपल्याला ते मिळत नाही आणि त्याची गरजही नाही. आपल्याकडे झाडपाल्याने कमावलेले शेळीचे कातडे वादीला चांगले, आणि गाभ्याला म्हशीचे. २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाल्यावर इथल्या गाई-बैलांचे कातडे बाजारात फारसे राहिले नाही, पण आसुडाला त्याने काही अडत नाही. अडते ते झाडपाल्याने कमावलेला माल मिळवताना. धारावीतल्या बहुतेक टॅनरी, म्हणजे कातडे कमावण्याचे कारखाने, केव्हाच बंद झाल्या. आता तयार कातडे चेन्नई, कानपूर आणि कोलकात्याहून येते आणि त्यातले बहुतेक क्रोमचे असते. ते मऊ आणि लवचीक असते, पिशवीला उत्तम, पण वादी ताणली की रबरासारखी लांबते आणि वेणी महिन्याभरात सैल पडते. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेले कातडे मला कोल्हापूरकडून, चपला करणाऱ्यांकडून, ओळखीने आणावे लागते. तिकडे अजूनही कातड्याची पिशवी शिवून तीत सालीचे पाणी भरून टांगतात आणि ते पाणी आतून पाझरत कातडे कमावले जाते.

कातडे हाती आले की प्रथम ते उजेडासमोर धरून अंगठ्याने सगळीकडे दाबून पाहायचे. पाठीच्या कण्यालगतचा भाग घट्ट असतो, पोटाकडचा आणि पायांच्या सांध्याकडचा सैल. सैल भाग आधीच कापून बाजूला काढायचा, मग तो कितीही मोठा असो. इथे जीव कासावीस होतो, पण काढायचाच. शेळीचे कातडे जेमतेम मीटरभर लांब आणि सहा फुटी आसुडाला मात्र प्रत्येक वादी नऊ फुटांहून लांब हवी. म्हणून सरळ कापून चालत नाही. कातड्याला गोलसर आकार देऊन कडेपासून आत आत, चकली उलगडावी तशी, एकच सलग वादी कापत जायचे. रापी, म्हणजे कातडे कापायचे हत्यार, एका जागी स्थिर धरायची, डाव्या अंगठ्याच्या नखाने रुंदी राखायची आणि कातडे आपल्याकडे ओढायचे. मुठीकडच्या टोकाला वादी दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) रुंद, शेवटी जेमतेम एक सूत, आणि मधला उतार कुठेही पायरी न येता. वडील या कामासाठी पट्टी वापरत नसत. मलाही ती वापरावी लागू नये इतका हात बसायला सात-आठ वर्षे गेली.

एवढ्यावर वादी तयार होत नाही. कापलेली प्रत्येक वादी खिडकीच्या गजाला अडकवून वीतवीत ताणायची. जिथे कातडे कच्चे असेल तिथे ती जास्त लांबते आणि अरुंद होते, म्हणजे दोष आपण होऊन दिसतो. तुटली तर तुटू द्यायची, कारण आज खिडकीशी तुटलेली वादी उद्या आसुडात तुटणार नाही. ताणल्यानंतर पुन्हा रुंदी सारखी करायची आणि मग मांसाकडच्या बाजूने दोन्ही कडा तिरप्या तासायच्या, म्हणजे एका वादीची कड दुसरीखाली बसते आणि वेणीवरून हात फिरवला तर काहीही टोचत नाही. हे तासणे सगळ्यांत कंटाळवाणे आणि सगळ्यांत महत्त्वाचे आहे. माझ्या हातून आजही नऊ फुटांत एखाद्या ठिकाणी रापी जास्त खोल जाते, आणि मग ती वादी आसुडाला न लावता मी दुसऱ्या कामाला ठेवतो.

गाभा म्हणजे म्हशीच्या कातड्याची एक लांब, निमुळती पट्टी. तिच्यावर चार वाद्यांची पहिली वेणी, तिच्यावर पुन्हा पातळ कातड्याचा एक निमुळता थर, आणि मग बाहेरची आठ किंवा बारा पेडांची वेणी. आतली वेणी आसूड घेणाऱ्याला आयुष्यात कधी दिसत नाही, पण आसुडाला वजन आणि वळण तीच देते. आत दोरी भरून वरून सुरेख वेणी घातलेले आसूड मी नाटक-सिनेमांचे सामान भाड्याने देणाऱ्यांकडे पाहिले आहेत. छायाचित्रात ते छान दिसतात.

बाहेरची वेणी घालताना वाद्यांना साबण आणि चरबी पाण्यात एकत्र वितळवून केलेला लेप चोळायचा, म्हणजे त्या एकमेकींवर सरकतात आणि घट्ट बसतात. आठ पेडांत चार डाव्या हाताला, चार उजव्या. सगळ्यांत वरचा पेड मागून पलीकडे न्यायचा, तिकडच्या दोन पेडांखालून आणि दोन पेडांवरून काढून परत आपल्याच बाजूला आणायचा; मग तसेच दुसऱ्या हाताने. हे तंत्र कोणीही तासाभरात शिकेल. पुढचे तास एका गोष्टीत जातात, आणि ती म्हणजे प्रत्येक ओढ सारखी ठेवणे. दमलेल्या हाताची वेणी निराळी दिसते. म्हणून थकवा आला की त्या दिवशी काम थांबवावे, असे माझे मत आहे. आसूड बारीक होत जाईल तसे पेड कमी करायचे, आठाचे सहा, आणि कमी केलेला पेड कापून टाकायचा नाही, तो आत वळवून त्याचाच गाभा करायचा. शेवटी पूर्ण वेणी दोन फळ्यांमध्ये दाबून लाटायची म्हणजे ती गोल होते.

स्टॉकव्हिपची दांडी वेगळी असते, आणि साध्या आसुडापेक्षा त्याचे वेगळेपण इथेच आहे. साधारण दीड फुटाचा वेत, वरून वेणीने मढवलेला, आणि त्याच्या टोकाला चामड्याचे कडे. वेणीच्या सुरुवातीलाही तसेच कडे असते आणि दोन्ही एकमेकांत अडकवलेली असतात, त्यामुळे दांडी आणि वेणी यांच्यामध्ये बिजागरीसारखा सांधा तयार होतो. वेत मी माहीमच्या रस्त्यावरील वेतकाम करणाऱ्यांकडून आणतो. दुसऱ्या टोकाला वेणी संपते तिथे दोनएक फुटांची एकेरी चामड्याची पट्टी आणि तिच्या शेवटी पिळलेल्या रेशमाचा किंवा नायलॉनचा छोटा झुपका. सगळा मार हा झुपका खातो आणि तोच आधी झिजतो. तो बदलता येतो म्हणून वेणी वर्षानुवर्षे टिकते.

मुंबईच्या हवेविषयी एक गोष्ट सांगतो, कारण बाहेरच्या माहितीत ती कधी सापडणार नाही. जून ते सप्टेंबर या काळात आसुडाची वेणी घालू नये. दमट हवेत वादी फुगलेली असते, तेव्हा कितीही घट्ट घातलेली वेणी थंडीत सुकून सैल होते, आणि झाडपाल्याने कमावलेल्या कातड्यावर पावसाळ्यात चार दिवसांत बुरशी चढते. मी दिवाळीनंतर काम सुरू करतो आणि होळीपर्यंत आटोपतो. पावसाळ्यात रापीला धार लावावी, झुपके पिळून ठेवावेत.

संपादक महोदय, एवढे तपशील लिहिण्याचे कारण असे. आपल्याकडे ही विद्या एका हाती कधीच नव्हती. ढोर समाज कातडे कमावत असे, चर्मकार ते कापत आणि शिवत, मातंग समाज दोर वळत असे. कापणे, तासणे आणि पेड वळणे ही सगळी कामे आसुडात एकत्र येतात, म्हणून तो करणाऱ्याला तिन्ही घरांची विद्या थोडीथोडी यावी लागते. या समाजांच्या वाट्याला कामाबरोबर जो अपमान आला, तो मी घरात पाहिला आहे, आणि माझ्या मुलांनी हा धंदा सोडला याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी जराही तक्रार नाही. पण धंदा सोडणे वेगळे आणि विद्या हरवणे वेगळे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या पट्ट्यावरची बारीक वेणी आजही बहुतेक घरांतल्या बायका घालतात, आणि त्या वेणीला आता मान आणि किंमत मिळू लागली आहे. मुंबईत तसे काहीच घडलेले नाही.

दोन वर्षांपूर्वी मी इथल्या एका प्रशिक्षण केंद्रात जाऊन विनामूल्य शिकवण्याची तयारी दाखवली. तिथल्या अधिकाऱ्यांनी मला आदराने बसवले, चहा दिला, आसूड हातात घेऊन पाहिला आणि सांगितले की अभ्यासक्रमात या वस्तूचे नाव नाही, त्यामुळे तिचे तास मांडता येत नाहीत. त्यांची अडचण मी समजू शकतो. पण मला वस्तू शिकवायचीच नव्हती. ज्याला नऊ फुटांची निमुळती वादी एका ओढीत कापता आली, त्याला पिशवीचा गोल गुंफलेला बंद करता येतो, घोड्याचा लगाम करता येतो, कॅमेऱ्याचा पट्टा करता येतो, कुत्र्याची साखळी काढून तिच्या जागी चामड्याची दोरी देता येते. हे सारे विकले जाते. घोडेस्वारी शिकवणाऱ्यांकडून लगामाची दुरुस्ती माझ्याकडे अजूनही येते. अभ्यासक्रमात ‘आसूड’ हा शब्द नको असेल तर ‘वादी कापणे आणि गोल गुंफण’ असे लिहावे. चाळीस तास पुरतील, त्यांतले पंचवीस कापण्याला आणि तासण्याला द्यावेत, आणि पहिल्या दिवसापासून मुलांच्या हातात तयार पट्टी न देता अखंड कातडे द्यावे. सुरुवातीला ते वाया जाईल. म्हणूनच सुरुवात कारखान्यांतून फेकल्या जाणाऱ्या तुकड्यांवर करावी, ज्यांची धारावीत रोज पोती भरतात.

आसूड शिकवल्याने जनावरांवरचा अत्याचार वाढेल, अशी शंका त्या बैठकीत एकाने काढली होती. तिला उत्तर देणे मला आवश्यक वाटते. जनावरांना निर्दयपणे वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० पासून देशात आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींना मान्यता दिली, तीही बैलांना इजा न करण्याच्या नियमांसह. जो मारणार आहे तो बाजारातून पाच रुपयांची काठी घेऊन मारतो. महिनाभर रविवार खर्चून वेणी घालणारा माणूस तिचे टोक कशालाही लागू देत नाही, कारण एका आदळण्यात झुपका तुटतो आणि पट्टी चिरते. तरीही ज्यांना ही शंका वाटते त्यांच्यासाठी वर्गात फक्त लगाम, बंद आणि पट्टे करावेत. मला चालेल.

येत्या दिवाळीनंतर दर रविवारी सकाळी मी मोकळा आहे. धारावी, सायन किंवा माटुंग्यात एखाद्या शाळेने किंवा मंडळाने मजबूत गज असलेल्या खिडकीची एक खोली दिली, तर सहा मुलामुलींना पुरतील एवढ्या रापी, फळ्या आणि धार लावायचा दगड मी स्वतः घेऊन येईन. कातड्याच्या तुकड्यांची सोय दोन कारखान्यांनी करतो म्हटले आहे. अखंड कातड्याचा पहिला खर्च मी करेन. इच्छुकांनी आपल्या कार्यालयाकडे पत्र पाठवल्यास आणि ते आपण माझ्यापर्यंत पोचवल्यास मी आपला आभारी राहीन.

आपला विश्वासू,
एक वाचक, धारावी, मुंबई